मान वर करा

परवा दुपारी मी व्हीटीला चक्क उभी राहिले. ठाणेकराने व्हीटीला उभं राहायचं नसतं. सकाळी उतरायचं, सबवेत शिरायचं. संध्याकाळी सबवेतून वर यायचं, इंडिकेटर बघायचा आणि पळायचं. पण भाचीने तिथल्या हेरिटेज टूरचं तिकीट काढलं, ऐनवेळी तिला ऑफिसने अडकवलं आणि पैसे वाया जाऊ नयेत या उदात्त हेतूने मी गेले.

'मान वर करा' हे गाईड मुलीचं पालुपद. केली. पिसारा फुलवलेला मोर, पावसाचं पाणी तोंडावाटे बाहेर टाकणारी दगडी जनावरं. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह साहेबाचा, वाघ आपला. घुमटाच्या टोकावर एका हातात मशाल आणि दुसऱ्यात चाक घेऊन उभी असलेली 'प्रगती'. घड्याळाखाली पूर्वी राणी होती, आता नुसता कोनाडा. स्टीव्हन्ससाहेबाच्या या इमारतीचं काम 1878मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली, असं ती म्हणाली तेव्हा सगळे 'बापरे' म्हणाले. मी नाही. आमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगांना मी बसलेली आहे.

एकदाच कान टवकारले. '16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, 14 डबे, 400 पाहुणे, तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान.' हात वर करून 'मी ठाण्याची' म्हणावंसं वाटलं. पण ती केव्हाच पुढच्या कमानीकडे वळली होती. ठाण्याच्या वाट्याला नेहमी एवढंच येतं, 'ते ठाणे'. एकवीस तोफांची सलामीसुद्धा इकडे, निघताना. ते 400 लोक उतरून करणार तरी काय होते, मामलेदारची मिसळसुद्धा नव्हती तेव्हा!

मग स्टार चेंबर. नाव भारदस्त, पण म्हणजे आपला तिकीटघराचा हॉल. संगमरवरी खांब, टोकदार कमानी, आणि वर निळ्या छतावर सोनेरी चांदण्या. खाली रांग होती तशीच होती. एक गृहस्थ मला म्हणालेसुद्धा, 'बाई, रांगेत आहात का?'

याच हॉलमध्ये मी सात-आठ वर्षांची असताना आले होते. बाबा फोर्टात नोकरीला. मे महिन्यात एका शनिवारी मला ऑफिस दाखवायला नेलं होतं. परत येताना त्यांचा पास, माझं अर्धं तिकीट. पुठ्ठ्याचं, जाड, कोपरे बोटाला टोचणारं. ते मी मुठीत धरलं आणि बाबांनी माझं मनगट धरलं. हात नाही, मनगट. हात सुटतो म्हणायचे. मला दिसत होती ती फक्त त्यांची घामाने चिकटलेली पाठ आणि काखेतली रेक्झिनची बॅग. गाडी अजून थांबतेय तोवर त्यांनी खिडकीतून रुमाल आत टाकला. मला दारातून चढवलं, सीटवर बसवलं, रुमाल झटकून घडी घातला आणि मगच पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. व्हीटी म्हणजे माझ्या लेखी तो रुमाल. निळी चौकट होती त्याला.

टूरभर माझी पंचाईत वेगळीच होती. अनाउन्समेंट झाली की पाय आपोआप वळायचे. मोराचा पिसारा बघताना मी मनात ठाण्याला पुलासमोर येणारा डबा मोजत होते. जागतिक वारसा वगैरे ठीक आहे (तो शिक्का 2004मध्ये बसला), पण स्टेशनात मान वर केली की गाडी चुकते, हे आमच्या हाडांत मुरलंय.

घरी आल्यावर बाबांना फोनवर छताचा फोटो दाखवला. बत्तीस वर्षं रोज त्या स्टेशनातून गेलेला माणूस. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, चांदण्या वर सरकवून टाकल्या आणि खालच्या खिडक्यांवर आले.

"हं. ही शेवटची खिडकी. इथला माणूस सुटे द्यायचा."

"बाबा, छत बघा ना."

"बघितलं. येताना कुठली पकडलीस?"

"पाच बावन्नची."

"स्लो?"

"बसायला मिळत होतं."

फोन माझ्या हातात देत म्हणाले, "वेडी आहेस."