मॉलमधला इंटरव्ह्यू

आज यवतमाळला एका मोठ्या मॉलमध्ये इंटरव्ह्यू देऊन आली. दारव्ह्याहून एसटीनं, अर्ध्या तिकिटात (बायांना 2023 पासून सवलत आहे, तेवढंच बरं).

साहेबांनी विचारलं, "नवीन माल कुठं लावाल?" म्हटलं, "मागं. जुन्या तारखेचा पुढं." मामाच्या किराणा दुकानात हेच तर करत आली मी! बिस्किटाच्या पुड्यावरची पुसट तारीख उजेडात धरून वाचायची, महिना उरला की पुडा काउंटरवर. साहेब खुश दिसले.

मग ड्युटीचं निघालं. रात्री दहापर्यंत, अन् आमच्या गावची शेवटची गाडी संध्याकाळीच जाते. खोली केली तर पगारातलं उरते काय? आई म्हणते, "आधी फोन तं येऊ दे वं."

तरी स्टँडजवळ मुलींसाठी स्वस्त खोली माहीत असेल तर सांगा.