६०० किलो स्पंज, साडेबारा मिलिग्रॅम औषध

समुद्रातल्या अमुक प्राण्यात कर्करोगावर औषध सापडलं, अशी बातमी वर्षातून दोन-चारदा येतेच. पण सापडणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग. सापडलेलं रसायन ग्रॅममध्ये आणायचं कुठून, इथे गाडी अडते. कर्कपेशी मारणाऱ्या हॅलिकॉन्ड्रिन-बी या रेणूच्या प्रवासात हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच.

जपानमध्ये हिराता आणि उएमुरा या रसायनशास्त्रज्ञांनी मिउरा द्वीपकल्पाजवळून हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई नावाचा काळा स्पंज गोळा केला, ६०० किलो. १९८६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले, तेव्हा हाती आलेलं हॅलिकॉन्ड्रिन-बी होतं १२.५ मिलिग्रॅम. स्पंज एका जागी चिकटून बसणारा प्राणी. पळता येत नाही, अंगावर कवच नाही. त्यामुळे शत्रूला दूर ठेवायला रसायनं हाच त्याचा आधार, आणि पाण्यात ती लगेच विरळ होत असल्याने अगदी थोड्या मात्रेत जहाल असावी लागतात. औषध शोधणारे त्याच्या मागे लागतात ते यासाठीच.

असा शोध सुरू होतो नमुन्यापासून. पहिल्या चाचणीला पाव ते एक किलो ओला नमुना पुरतो. फोटो पाण्याखालीच काढायचा, कारण वर आणल्यावर रंग आणि आकार दोन्ही बदलतात. प्रत्येक नमुना पाण्याखालीच वेगळ्या पिशवीत घालायचा. स्पंज समूळ उपटायचा नाही. बूड राहिलं तर बऱ्याच जाती पुन्हा वाढतात. ओळख पटवण्यासाठी बोटभर तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये जातो. फॉर्मॅलिनमध्ये नको, त्याने डीएनएची वाट लागते. उरलेलं लगेच बर्फात आणि किनाऱ्यावर आलं की उणे २० अंशांवर. उन्हात बोटीवर तास-दोन तास पडलेल्या नमुन्यात त्याचीच एन्झाइम्स आणि जीवाणू हव्या त्या रेणूचे तुकडे करून टाकतात. इथेनॉलमधल्या त्या बोटभर तुकड्याचा अनेकांना कंटाळा येतो. पुढच्या वर्षी त्याच खडकावरून 'तोच' स्पंज आणावा आणि अर्क निष्प्रभ निघावा, असं झालं की त्याची किंमत कळते. हुबेहूब दिसणाऱ्या दोन जातींची रसायनं साफ वेगळी असू शकतात.

आपल्याकडे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी जीवांच्या अर्कांवर काम झालेलं आहे. पण कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर कोणी हौसेने नमुने गोळा करायला निघणार असेल तर आधी कायदा बघावा. समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यांना हात लावायचा नाही. परदेशी सहकारी सोबत असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्यावी लागते, नमुना काढल्यावर नाही.

अर्क काढण्याची अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची पद्धत साधी आहे. गोठलेला नमुना ड्राय आइसबरोबर दळायचा, ४ अंशांवर पाण्यात भिजवायचा, पाणी वेगळं काढायचं, चोथा गोठवूनच सुकवायचा आणि मग मिथेनॉल व डायक्लोरोमिथेनच्या समसमान मिश्रणात रात्रभर ठेवायचा. पाण्याचा आणि द्रावकाचा असे दोन अर्क शेवटपर्यंत वेगळे चालतात.

फसगत सुरू होते ती इथून. पाण्याच्या अर्कात समुद्राचं मीठ उतरलेलं असतं आणि नुसत्या मिठानेही पेशी मरतात. म्हणून तो अर्क एचपी-२० रेझिनच्या (रेणू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकसारख्या मण्यांच्या) स्तंभावर चढवायचा, भरपूर पाण्याने धुवायचा आणि मग मिथेनॉलने उतरवायचा. मीठ जातं, पण फार पाणीप्रेमी रेणूही त्याच्याबरोबर वाहून जातात, त्याला इलाज नाही. समुद्रकाकडी आणि तारामाशातली सॅपोनिनं साबणासारखी पेशींचं आवरणच फोडतात. दिसायला झकास मारक, औषध म्हणून निरुपयोगी. प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणि नळ्यांतून थॅलेट्स, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं, येतात. रेणूंचं वजन दाखवणाऱ्या मास स्पेक्ट्रममध्ये १४९ आणि ३९१ ही शिखरं दिसली तर नवा रेणू मिळाल्याचा आनंद आवरावा. मिथेनॉल स्वतःच आम्लगटांना चिकटून मिथाइल एस्टर बनवतो, म्हणजे असा रेणू जो प्राण्यात नव्हताच. शंका आली की थोडा अर्क इथेनॉलने पुन्हा काढून बघायचा. जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत अर्कातले क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारे) रेणू पेशींशिवायच रंग आणतात, म्हणून पेशी नसलेला एक खड्डा प्रत्येक प्लेटवर हवाच. अर्क ज्यात विरघळवून पेशींवर घालतात तो डीएमएसओ हा द्रावक अर्ध्या टक्क्याच्या वर गेला तर मारणारा अर्क की डीएमएसओ, हे सांगता येत नाही.

मग अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पेशींवर तपासायचा, जो मारतो त्याचे पुन्हा भाग पाडायचे. कधी कधी एकही भाग मारत नाही. अशा वेळी सगळे भाग पुन्हा एकत्र करून तपासायचे. परिणाम परतला तर दोन-तीन रेणू मिळून काम करत होते. नाही परतला तर रेणू सिलिकावर (भाग पाडणाऱ्या स्तंभातल्या भुकटीवर) तुटला किंवा स्तंभातच अडकून बसला. या टप्प्यावर जुन्या नोंदींशी वजन आणि वर्णपट पडताळून बघणं ज्यांनी टाळलं, त्यांनी महिनोन् महिने खपून कोणीतरी आधीच छापलेला रेणू शुद्ध केलेला असतो.

'प्लेटमध्ये पेशी मेल्या' याला बातमीत फार वजन मिळतं. ब्लीचनेही मरतात. खरा प्रश्न असतो कोणत्या मेल्या आणि कोणत्या वाचल्या. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने १९९० पासून ६० वेगवेगळ्या कर्कपेशींच्या संचावर रसायनं तपासायला घेतली. हॅलिकॉन्ड्रिन-बीचा या साठांवरच्या परिणामाचा आराखडा संगणकाने जुन्या औषधांशी ताडून पाहिला, तेव्हा तो ट्युब्युलिन या पेशीतल्या प्रथिनावर काम करणाऱ्या औषधांशी जुळला. पुढे प्रयोगशाळेत तसंच ठरलं: पेशी विभागताना लागणाऱ्या, ट्युब्युलिनच्या बनलेल्या सूक्ष्मनलिकांची वाढ हा रेणू रोखतो.

आता माल हवा होता. न्यूझीलंडच्या कैकोउरा किनाऱ्याजवळ खोल पाण्यात लिसोडेंडोरिक्स जातीचा स्पंज सापडला, त्यात हेच रसायन होतं. परवानगीने एक टन काढला. मिळालं सुमारे ३०० मिलिग्रॅम. हा स्पंज उथळ पाण्यात वाढवूनही पाहिला. पण हिशेब करा: १० ग्रॅम हवे तर तीस टनांच्या वर स्पंज. समुद्राचा तळ खरवडून औषधाचा कारखाना चालत नाही.

वाट निघाली रसायनशास्त्रातून. हार्वर्डमध्ये योशितो किशी यांच्या गटाने १९९२ मध्ये पूर्ण रेणू कृत्रिमरीत्या बनवला. त्यात वापरलेल्या निकेल-क्रोमियम अभिक्रियेचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्रोमियम क्लोराइडच्या एका खेपेत अभिक्रिया उत्तम चालायची, दुसरीत चालायचीच नाही. कारण निघालं भेसळीत: चांगल्या खेपेत किंचित निकेल होतं. मग ते मुद्दाम घालायला सुरुवात झाली.

बनवताना हाती आलेले अर्धवट तुकडेही तपासले गेले आणि रेणूचा उजवा अर्धा भागच सगळं काम करतो असं दिसलं. एसाई कंपनीने तो अर्धा भाग घेतला. त्यातला एस्टर हा जोड शरीरात तुटतो, म्हणून तिथे कीटोन हा टिकाऊ गट बसवला. हेच एरिब्युलिन हे औषध. मूळ रेणूत ३२ त्रिमितीय केंद्रं (जिथे अणूंची मांडणी डावी किंवा उजवी असू शकते), एरिब्युलिनमध्ये १९. तरीही प्रत्येक केंद्र डावं की उजवं धरलं तर ५,२४,२८८ शक्यता, त्यातली एक हवी. संश्लेषण साठाहून अधिक पायऱ्यांचं आहे आणि तरीही ते कारखान्यात होतं.

स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी एरिब्युलिनला अमेरिकेत नोव्हेंबर २०१० मध्ये मान्यता मिळाली. ७६२ रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान १३.१ महिने, इतर उपचारांवर १०.६. फरक अडीच महिन्यांचा. 'चमत्कार' म्हणणाऱ्यांनी हा आकडा बघावा. मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम, २१ दिवसांच्या फेरीत पहिल्या आणि आठव्या दिवशी, दोन ते पाच मिनिटांत शिरेतून. डेक्स्ट्रोजच्या सलाइनमध्ये मिसळायचं नाही. पांढऱ्या पेशी घटणं आणि हातापायांना मुंग्या येणं हे मुख्य त्रास. १.६ चौरस मीटरच्या रुग्णाला एका वेळी सव्वादोन मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ६०० किलो स्पंजातून निघालेल्या वजनात असे पाचच डोस बसतात.

कॅरिबियन खारफुटीच्या मुळांवर वाढणाऱ्या एक्टिनॅसिडिया टर्बिनाटा या सागरी प्राण्याची अडचण हीच होती: टनामागे साधारण एक ग्रॅम ट्रॅबेक्टेडिन, हेही कर्करोगावरचं औषध. तिथे फार्मामार कंपनीने वेगळी वाट धरली. स्युडोमोनास फ्लुओरेसेन्स हा जीवाणू टाकीत वाढवून त्याच्याकडून सायनोसॅफ्रासिन-बी हा अर्धवट तयार रेणू घेतला आणि उरलेलं रसायनशाळेत जोडलं. युरोपात २००७ मध्ये ते बाजारात आलं.

ट्रॅबेक्टेडिन मुळात तो प्राणी बनवतच नाही, त्याच्या अंगातला जीवाणू बनवतो. कर्कपेशी मारणाऱ्या डोलास्टॅटिन-१० चंही तेच. हिंदी महासागरातल्या सागरी सशात (एका प्रकारच्या समुद्री गोगलगायीत) सापडलेलं हे रसायन नंतर त्याच्या खाद्यातल्या सायनोबॅक्टेरियात मिळालं. म्हणून आता इथेनॉलमधल्या तुकड्याशेजारी आणखी एक कुपी भरतात: जीवाणूंच्या जनुकांसाठी, तीही लगेच गोठवून. रसायन बनवणारा जनुकसमूह सापडला की समुद्रात पुन्हा उतरण्याआधी तो प्रयोगशाळेतल्या जीवाणूत चालवून बघता येतो. असे समूह लांबलचक असतात आणि परक्या जीवाणूत बऱ्याचदा गप्प बसतात.