तिले कायले तापवता?

आमच्या गावची मातामाय कडुनिंबाखाली बसते. वर छत नाही, समोर दानपेटी नाही. शेंदराचे थर इतके चढलेत की आतला दगड केवढा, हे आता तिलाच माहीत. चैत्रात आजी पाण्याचा गुंड घेऊन निघायची नि मी मागून. तिच्या अंगावर पाणी ओतलं की दगडातून वाफ निघाल्यासारखी वाटायची. चंद्रपूरकडचा उन्हाळा तो, निघतही असेल.

लहानपणी मला कांजण्या झाल्या. घरात कुणी तसं म्हणेना. "माता आली" म्हणायचे, पाहुणी आल्यासारखं. दारात कडुनिंबाचा डहाळा, अंथरुणावर त्याचाच पाला. आणि फोडणी बंद! कढईत मोहरी तडतडली की आजी ओरडायची, "तिले कायले तापवता?" आठ दिवस सगळं घर फिक्कं वरण खात होतं. शिक्षा मला की त्यांना, हे कळत नव्हतं.

तिचा खरा दरारा मोठ्या देवीच्या काळातला. रोगाचं नावच देवी. टोचायला येणारा माणूसही 'देवी डॉक्टर'. बाबांच्या दंडावर त्या टोचणीचा वण आहे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 साली सापडला, 1980 मध्ये जगातूनच रोग संपल्याचं जाहीर झालं. मायचं खातं असं बंद झालं, पण माय निवृत्त झाली नाही. गोवर, कांजण्या आणि मे महिन्याचं ऊन असा अतिरिक्त कार्यभार तिच्याकडे आहेच.

चंद्रपूरची महाकाली मोठी देवी. चैत्रातल्या तिच्या यात्रेला नांदेडकडून माणसांचे लोंढे येतात, झरपट नदीवर अंघोळी करून दर्शनाला जातात. एवढ्या उग्र देवीलाही लोक शेवटी 'माय'च म्हणतात. रागीट आईला हाताळायची पद्धत घरोघरी एकच असावी: वाद घालायचा नाही, पाणी द्यायचं.

मागच्या वर्षी भाचा आमच्याकडे असताना त्याला कांजण्या झाल्या. डॉक्टरांनी औषध दिलं, "खाण्याचं काही पथ्य नाही" म्हणाले. मीही ते मोठ्या आवाजात घरात सांगितलं. संध्याकाळी वरणासाठी तेल तापवलं, मोहरीचा डबा उघडला आणि हात तिथेच थांबला. गॅस बंद केला.

भाच्यानं पहिला घास घेऊन विचारलं, "मामा, याले फोडणी नाई देल्ली का?"