ला झोंक्सियाँ: विमान वर नाही, खाली आहे

आधी राग काढून घेतो. "वरपर्यंत जा, भाभांच्या विमानाचे तुकडे पायवाटेवरच पडलेत," असं आम्हाला तिकडे जाऊन आलेल्या एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याच्या भरवशावर आम्ही तिघे फ्रान्समधल्या शामोनीजवळच्या बोसाँ गावातून ला झोंक्सियाँ या माथ्यापर्यंत दीडेक हजार मीटर चढलो. कळसूबाईचा चढ एका दमात दीडदा चढलात तर अंदाज येईल. वर काय दिसलं? बर्फ. एक रिव्हेटसुद्धा नाही. हा माणूस वाटेतल्या पहिल्या शॅलेवर (डोंगरातल्या लाकडी घरावर) कॉफी पिऊन परत आला असावा, असं आमचं एकमत झालं.

ज्यांना जुन्या विमानांचं वेड आहे त्यांना मोंब्लां या आल्प्समधल्या सर्वांत उंच शिखराच्या या बाजूचं महत्त्व सांगायला नको, पण नवख्यांसाठी थोडक्यात. इथे एअर इंडियाचं एक नाही, दोन विमानं आहेत. ३ नोव्हेंबर १९५० रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन कोसळलं, ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ कोसळलं, ११७ जण गेले. त्यात होमी भाभा होते. दोन्ही मुंबईहून लंडनला निघालेली, दोन्ही जिनिव्हाला उतरायच्या बेतात, आणि दोन्ही शिखराजवळच्या त्याच तूर्नेत कातळांपाशी, ४,६०० मीटरच्या वर. एकाच हिमनदीने दोघांना पोटात घेतलं. त्यामुळे खाली निघणारा तुकडा कुठल्या विमानाचा, हा इथला खरा खेळ. लोक मात्र सरसकट "भाभांचं विमान" म्हणून मोकळे होतात.

मला स्वतःला मलबार प्रिन्सेसची ओढ जास्त. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं पहिलं मुंबई-लंडन उड्डाण ज्या विमानाने केलं, ते हेच. नोंदणी व्हीटी-सीक्यूपी. त्यानंतर जेमतेम अडीच वर्षं जगलं. शेवटच्या फेरीत बहुतेक प्रवासी जहाजावर रुजू व्हायला निघालेले खलाशी होते. त्यांची नावं शोधत कुणी इतक्या लांब येत नाही.

आता वाट. पहाटे अंधारात निघा, हा पहिला आणि शेवटचा सल्ला. जंगलातून पिरामिद शॅलेपर्यंत (१,८९५ मीटर) वाट वळणावळणाची पण सोपी आहे. दम लागेल, बाकी काही नाही. त्यापुढचा टप्पा मात्र मी विसरणार नाही. दोन हिमनद्यांच्या मधल्या धारेवरून जाताना वाट कातळात शिरते. काही ठिकाणी काठ्या बगलेत मारून हातांनी चढावं लागतं. चढताना मजा वाटली, खोटं कशाला बोलू. उतरताना दुपारच्या सरीने तोच दगड साबणासारखा झाला होता आणि माझे गुडघे संपावर गेले होते. एका पाटथरावरून मी अक्षरशः बसून घसरत उतरलो, पँट फाटली. तेवढ्याला आम्हाला पाऊण तास लागला. तिथून वीस वर्षांच्या दोन पोरी टणाटण उड्या मारत गेल्या, तेही लिहून ठेवतो. पाऊस असेल तर शॅलेवरूनच मागे फिरा. "इतकं आलोच आहोत तर" हे वाक्य तिथे कुणाला बोलू देऊ नका.

माथ्यावर, २,५८९ मीटरवर, बोसाँ आणि ताकोनाझ या हिमनद्यांची फाळणी होते. जवळच तो प्रचंड दगड आहे ज्याच्या आडोशाला १७८६ च्या ऑगस्टमध्ये बाल्मा आणि पाकार या शामोनीच्या दोघांनी रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी मोंब्लां पहिल्यांदा सर केलं. डोळ्यांचं पारणं फिटतं हे खरं. पण विमानासाठी जात असाल तर जाऊ नका. चूक आमचीही होतीच, जरा डोकं चालवायला हवं होतं. वरच्या हिमात पडलेली वस्तू दरवर्षीच्या बर्फाखाली गाडली जाते, बर्फाबरोबर खोलवरून सरकत राहते आणि जिथे बर्फ वितळतो तिथे, म्हणजे खूप खाली, दशकांनंतर डोकं वर काढते. बोसाँ तीव्र उताराची आणि वेगवान, म्हणून हे एका माणसाच्या हयातीत पाहायला मिळतं. २०१२ मध्ये भारत सरकारची राजनैतिक टपालाची थैली अशीच निघाली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू-नीलमची पेटी सापडली आणि त्याने ती सरळ पोलिसांत दिली.

दुसरा दिवस सोपा गेला, त्याबद्दल फार लिहीत नाही. हिमनदीच्या दुसऱ्या बाजूला १,३५० मीटरवर सेरो नावाची उपाहारगृहाची झोपडी आहे, तिथपर्यंत पाऊण तासात पोचता येतं. २०२० मध्ये तिच्या मालकाला इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याच्या बातम्यांची भारतीय वर्तमानपत्रं बर्फात सापडली होती. कांचनजंगा कोसळलं त्याच दिवशी त्यांचा शपथविधी झाला. एकच दिवस हाताशी असेल तर इथेच या. हिमनदीच्या तोंडाशी मात्र उतरू नका, वरून बर्फाचे कडे सुटतात. आम्ही अर्ध्या तासात दोनदा तो गडगडाट ऐकला.

काही दिसलंच तर उचलू नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा आणि धातूवर ठोकलेला आकडा असेल तर त्याचा जवळून वेगळा फोटो घ्या. खूण सोपी आहे. सिलिंडर, पिस्टन असं काही दिसलं तर मलबार प्रिन्सेस, तिची चारही इंजिनं अठरा-अठरा सिलिंडरांची होती. टर्बाइनचं पातं दिसलं तर कांचनजंगा, त्याला रोल्स-रॉइसची कॉनवे जेट इंजिनं होती. नुसता पत्रा सापडला तर आकड्याशिवाय बोलू नका.

ही खूण लगेच कामी आली. खाली दरीत एकाने टेबलावर जुनी भांडी, घंटा वगैरे मांडली होती, त्यात तळहाताएवढा धातूचा तुकडा. चिठ्ठीवर "भाभा, १९६६", किंमत चाळीस युरो. मी उचलून पाहिला. एका बाजूने कंगव्याच्या दातांसारख्या पातळ पट्ट्या, ओळीने, दोन-चार मोडलेल्या, मधल्या फटींत राखाडी चिखल घट्ट बसलेला. हवेने गार होणाऱ्या सिलिंडरच्या पट्ट्या. जेट इंजिनात असलं काही नसतं. हे इथून उचलणंच चूक आहे, आणि वर हे ते विमानही नाही, असं मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये त्याला समजावलं. त्याने फार मनापासून ऐकून घेतलं, दोन प्रश्नही विचारले.

निघायच्या दिवशी सकाळी मुद्दाम त्याच वाटेने गेलो. चिठ्ठी बदलली होती. "मलबार प्रिन्सेस, १९५०". किंमत पन्नास.