हेळवाकचं वळण

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखाखाली ओंजळ धरली. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री, पाचही नद्या तिथं एकाच धारेत. त्यातलं कोयनेचं पाणी कुठलं, हे कसं ओळखायचं? डोंगर उतरताना मात्र वाटा फुटतात. कृष्णा वाईकडे जाते. कोयना सह्याद्रीची मुख्य रांग उजव्या हाताला ठेवून सरळ दक्षिणेला निघते. घाटमाथ्यावरच्या बहुतेक नद्या पूर्वेची वाट धरतात, ही साठ-पासष्ट किलोमीटर डोंगराला बिलगून चालते. म्हणून तर मला ती बघायची होती.

तापोळ्याला नदी दिसतच नाही, दिसतो तो शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. मे महिना होता. पाणी खूप उतरलेलं, काठाला तांबड्या मातीच्या पायऱ्या पडलेल्या. बामणोलीला जाताना लाँचवाल्या काकांनी पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं. "नदी तिथं, खाली. आमचं जुनं गाव पण तिथंच." पुढं बराच वेळ मला काही बोलायला सुचलं नाही.

साताऱ्याला येऊन उंब्रज, पाटण करत एसटीनं हेळवाकला पोचलो. इथं कोयना काटकोनात पूर्वेला वळते. वाकडी वाट करून आलो त्याचं सार्थक झालं. पश्चिमेला कुंभार्ली घाट, त्याच्या पायथ्याशी कोकण. समुद्र इतका जवळ आलेला असताना नदी त्याला पाठ दाखवून बंगालच्या उपसागराकडे निघते.

सगळं पाणी मात्र वळत नाही. धरणात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी साठतं, त्यातलं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे नेता येतं. साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडून ते वीज देतं, मग वाशिष्ठीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळतं. आपल्या घरातला दिवा लावणारं हे पाणी. त्यासाठी या खोऱ्यानं गावं दिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंपही इथल्याच लोकांनी सोसला. ही गोष्ट शाळेच्या भूगोलात ठळक अक्षरांत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

कराडला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. प्रीतिसंगमावर कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना दक्षिणेकडून. दोघी अगदी समोरासमोर. वाळूत उतरून पाण्यात पाय सोडले. एक बाई घागर विसळत होत्या. त्यांना विचारलं, "यातली कोयना कुठली?"

त्यांनी हातानंच दाखवलं, "ती. हात घालून बघा, गार असतं."


खरंच गार होतं.