तुम्ही विचारलंत म्हणून: म्युच्युअल आहे, मग एवढे कागद कशाला?

"आमचं भांडण नाही, म्युच्युअल आहे. मग एवढे कागद कशाला?" परस्पर संमतीनं, म्हणजे म्युच्युअल, घटस्फोट घ्यायला आलेलं जवळजवळ प्रत्येक जोडपं पहिल्याच भेटीत हे विचारतं, आणि कागद मागितले की मी संशय पेरते असंही ऐकवतं. म्हणून एकदाच नीट सांगते.

वर्षभर वेगळं राहणं, पहिल्या अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत, ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून माफ होऊ शकते, हे तुम्हाला पाठ असतं. पण म्युच्युअल म्हणजे लग्न संपवण्यावर एकमत. पैशावरचं एकमत त्यात आपोआप येत नाही. ते कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या समझोत्याच्या अटींमध्ये, शब्दाशब्दानं लिहावं लागतं, आणि घोळ तिथेच होतो.

एक वाक्य घ्या. "सदर फ्लॅट पत्नीकडे राहील व कर्जाचे उर्वरित हप्ते पती भरेल." दोघांनाही रास्त वाटतं, सह्या होतात. पण या वाक्याखाली बँकेची सही नाही. कर्जाच्या करारावर दोघंही सहकर्जदार आहेत आणि बँक पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडेही मागू शकते. काही महिने हप्ते वेळेवर जातात. मग त्याची नोकरी सुटते, किंवा नवा संसार उभा राहतो, आणि एक हप्ता चुकतो. मग दुसरा. फोन तिला येतो. ती डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकुमाची, प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून शाखेत जाते. समोरचा अधिकारी ती वाचतो, पान उलटतो आणि फोल्डर परत सरकवतो: "मॅडम, यात बँक पक्षकार नाही." त्याचं बरोबरच असतं. तोवर सिबिल दोघांचंही घसरलेलं असतं. ९० दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत वर्गात, मग तारण जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस. डिक्री मोडली म्हणून त्याच्यावर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते, जरूर लावावी. पण नोटिशीचे दिवस त्या दरखास्तीसाठी थांबत नाहीत.

उलट बाजूही तितकीच वाईट. हप्ते ती नेमानं भरते, पण कर्जावर नाव त्याचंही असतं. तो नवं घर घ्यायला जातो तेव्हा हे जुनं कर्ज त्याच्या पात्रतेतून वजा होतं.

म्हणून म्हणते, सेकंड मोशनच्या, म्हणजे डिक्रीसाठी कोर्टात दुसऱ्यांदा संमती सांगण्याच्या, आधी बँकेत जा. एका सहकर्जदाराचं नाव कमी करण्याचा अर्ज द्या. कर्जावर उरणाऱ्या एकाच्याच पगारावर बँक पात्रता नव्यानं मोजते आणि बऱ्याचदा नकार देते. मग उरतं काय? काही रक्कम आधीच फेडून कर्ज त्या पगारात बसवणं, एकाच्याच नावावर दुसऱ्या बँकेत नेणं, नाहीतर फ्लॅट विकणं. यातलं काय करायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते टर्म्समध्ये लिहा. "हप्ते पती भरेल" हे पुरत नाही.

बाकीचं थोडक्यात. पोटगीच्या वादात २०२० पासून दोघांनाही मालमत्तेचं आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. म्युच्युअलमध्येही ते एकमेकांकडून मागून घ्या, त्यात अविश्वास नाही. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचं घर निव्वळ लग्नामुळे अर्धं बायकोचं होत नाही. स्त्रीधन मात्र पूर्णपणे तिचंच, त्याची यादी वजनासकट करा. विमा, पीएफ, म्युच्युअल फंड यांवरचं नॉमिनेशन डिक्रीनं आपोआप बदललं असं धरून चालू नका. सासरच्या छळाची, म्हणजे ४९८अ ची (जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), तक्रार असेल तर ती आपसात मिटत नाही, उच्च न्यायालयातूनच रद्द करून घ्यावी लागते. त्यामुळे ठरलेल्या रकमेचा शेवटचा डीडी त्या आदेशाशी बांधलेला बरा.

आता एक कबुली. फ्लॅट नावावर करायचा तर डिक्रीच्या आधीच बक्षीसपत्र करा, असं मी पूर्वी ठामपणे सांगायचे. हिशोब सरळ होता. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोत बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. डिक्रीनंतर ते नातंच उरत नाही, मग शुल्क बाजारभावावर, म्हणजे लाखांत. पण परस्पर संमती डिक्री होईपर्यंत कुणीही एकतर्फी मागे घेऊ शकतं, आणि नोंदणी झालेलं बक्षीसपत्र तसं मागे घेता येत नाही. म्हणजे देणाऱ्यानं घर दिलं आणि समोरच्यानं संमती काढून घेतली, तर घरही गेलं आणि घटस्फोटही अडकला. वाचवलेल्या पैशांपुढे मी ही भीती फार हलकी धरत होते.

हल्ली सांगते की बँकेची लेखी परवानगी आधी घ्या, मसुदा तयार ठेवा आणि नोंदणी सेकंड मोशनच्या अगदी आदल्या दिवशी करा. तरी मधली एक रात्र उरतेच. त्या रात्रीचा धोका कुणी घ्यायचा, देणाऱ्यानं की घेणाऱ्यानं, यावर माझ्याकडे अजून पक्कं उत्तर नाही.