वाड्यातल्या गंजिफा आणि मावशीची पायली

मंगळवार, कुडाळ

सकाळी गाडीतून उतरले तेव्हा अंग आंबलं होतं. मावशीच्या खळ्यात भाताचे भारे रचलेले, त्यांच्यावर कोंबड्या. घावणे आणि चहा झाल्यावर तिला बेत सांगितला: पाच-सहा दिवसांत जमतील तेवढी लहान लहान संग्रहालयं बघायची, थोडी इथली, थोडी गोव्यातली. मावशी म्हणाली, "दर्यो बघूचो सोडून ह्या काय नवीन खूळ गो?"

खूळच आहे. मोठ्या संग्रहालयात तिसऱ्या दालनापुढे माझे पाय बोलायला लागतात आणि चौथ्यात नुसत्या पाट्या वाचत सुटते. एकाच गोष्टीचं वेड घेतलेल्या दोन-चार खोल्या मात्र मला झेपतात.

दुपारी पिंगुळी. कुडाळहून रिक्षाने जवळच. ठाकर समाजाच्या कला जिथे ठेवल्या आहेत ती जागा पूर्वी गुरांचा गोठा होता. परशुराम गंगावणे यांनी आपल्याच घरचा गोठा रिकामा करून त्याचं संग्रहालय केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यात आमच्या ऑफिसातल्या एकाने मला विचारलं होतं, "हे पिंगुळी कुठे आलं?" तेव्हा मी फार ऐटीत उत्तर दिलं होतं. स्वतः मात्र तोवर एकदाही गेले नव्हते. मावशीचं घर इतकं जवळ, आणि लहानपणापासून दर मे महिन्यात इथेच पडलेली मी.

आत कळसूत्री बाहुल्या टांगलेल्या, चामड्याच्या बाहुल्या उजेडासमोर धरलेल्या, आणि चित्रकथीच्या पोथ्या. पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे, सुट्या चित्रांचा गठ्ठा. एका गठ्ठ्यात एक आख्यान. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक सांगून झालं की पान उलटायचं. सांगणारा वीणा, टाळ आणि हुडूक (डमरूसारखं वाद्य) यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा लावतो. सावंतवाडी संस्थानने या घराण्यांना देवळं आणि गावं वाटून दिली होती, तिथे जाऊन कथा सांगायची.

एक चित्र बराच वेळ बघत बसले. युद्धाचा प्रसंग. सगळे चेहरे एका बाजूला वळलेले, डोळे मात्र मोठे आणि वाटोळे, पूर्ण उघडे. बाण हवेतच, एकही कुणाला लागलेला नाही. कागदाचा खालचा कोपरा काळपट आणि मऊ पडला होता, कापडासारखा. पान उलटताना अंगठा नेमका तिथेच लागत असणार.

अशीच चित्रं मी पुण्यात राजा केळकर संग्रहालयात काचेआड पाहिली आहेत. तिथे कोपऱ्याकडे लक्ष गेलं नव्हतं.

बुधवार, सावंतवाडी

मोती तलावाच्या काठाने चालत राजवाड्यावर. शाळेची सहल आली होती, तिचा कलकलाट दरबार हॉलपर्यंत पोचलेला. हॉलमध्ये एका बाजूला कारागीर मांडी घालून कामाला बसलेले. तिथेच रंगवतात, तिथेच विकतात, आणि तिथेच आपण उभं राहून बघायचं.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. शब्द फारसी. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. तिथून हिंडत हिंडत हा खेळ कोकणात आला आणि इथे विष्णूने त्याचा ताबा घेतला. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, वजीर आणि एक ते दहा. एकूण १२०. तिघांनी खेळायचं, प्रत्येकी चाळीस पानं. मत्स्याची दश्शी म्हणजे पानावर मोजून दहा मासे. कूर्माची कासवं, वराहाचे शंख, नरसिंहाची चक्रं, वामनाचे कमंडलू, परशुरामाचे परशू.

चाळीस गोल पानं हातात धरायची कशी, हा माझा पहिला प्रश्न. पान चौकोनी असतं तर निदान कोपरा दिसला असता. इथे कोपराच नाही.

जे कारागीर कडेला बसले होते त्यांच्याजवळ पंधरा-वीस मिनिटं उभी राहिले. काम साधं दिसतं, आहे अवघड. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवून चकती कडक करायची, पांढरा लेप, घोटाई, मग रंग आणि शेवटी लाख. त्यांच्या हातात तेव्हा एक तांबडी चकती होती आणि ते कडेची पिवळी रेघ ओढत होते. कुंचला हलत नव्हता. डाव्या हाताच्या बोटांनी चकतीच फिरत होती, सावकाश, कुंभाराच्या चाकासारखी, आणि रेघ आपोआप पानाभोवती बंद होत गेली. जिथे सुरू झाली तिथेच येऊन मिळाली. जोड कुठे आहे ते मी शोधलं, सापडला नाही. त्यांनी वर न बघता चकती वाळायला ठेवली आणि दुसरी घेतली.

हे सगळं जवळजवळ बुडालं होतं. इथले राजे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या राणी सत्त्वशीलादेवी यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लाखकामाला आणि गंजिफांना पुन्हा हात घातला. तेव्हा ही कला येणारी म्हातारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. राजघराण्यांच्या गोष्टींना मी फारशी भुलत नाही, पण राजमातांनी स्वतः कुंचला धरला होता, याला मान द्यावाच लागतो.

खेळाचे दोन नियम विचारून वहीत लिहून घेतले. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी. रात्री बसलात तर कृष्णाच्या राजाची. आणि दुसरा: पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. म्हणजे निम्मा खेळ उलटा.

एक संच घेतला. लहान आकाराचा, तरी किंमत सांगितल्यावर क्षणभर गप्प झाले. मग ती कडेची रेघ आठवली आणि पैसे काढले.

गुरुवार

कुठेही गेले नाही. भात झोडायला माणसं कमी होती. संध्याकाळपर्यंत हातांची साल निघाली.

शुक्रवार, पणजी

दादा (मावशीचा मुलगा) कामासाठी गोव्याला निघालाच होता, त्याच्या गाडीतून आले. पर्वरीच्या पुढे तोर्ड्याला त्याने सोडलं. तिथे रस्त्याला फाटा फुटतो आणि मधल्या त्रिकोणी तुकड्यावर जहाजासारखी एक इमारत उभी आहे. दोन्ही बाजूंनी स्कूटर जातात. हे गोव्यातल्या घरांचं संग्रहालय, आर्किटेक्ट जेरार्ड द कुन्या यांनी उभारलेलं. चक्क घरांचं! दारं, कठडे, फरशा, खुर्च्या, आणि शिंपल्यांच्या खिडक्या. काच महाग होती तेव्हा पातळ चपटे शिंपले घासून लाकडी पट्ट्यांत बसवायचे. उजेड आत येतो, ऊन येत नाही, बाहेरचं दिसतही नाही. मी एका तावदानाजवळ तळवा धरला. तळव्यावर दुधात हळद घातल्यासारखा रंग पडला.

दुपारी पणजीत मांडवीकाठची निळी इमारत, कस्टम्सचं संग्रहालय. पूर्वी पोर्तुगीजांचं जकातघर होतं ते. इथे सगळं लपवालपवीचं: पोखरलेली पुस्तकं, टाचेत कप्पा असलेले बूट. रक्सौलच्या सीमेवर पकडलेलं 'आईन-इ-अकबरी'चं हस्तलिखितही त्यांच्या गोष्टींत आहे. मला सर्वांत आवडले ते बूट. कुणीतरी बसून किती मन लावून ती टाच कोरली असेल! कारागिरी ती कारागिरी.

बोगमाळोचं नौदलाच्या विमानांचं संग्रहालय या खेपेला राहिलं. लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलं आहे. त्यातलं एवढंच आठवतं की विमानांच्या पोटाखाली छान सावली होती आणि आम्ही तिथे डबे खाल्ले.

शनिवार, बाणावली

आज 'गोवा चित्र'. व्हिक्टर ह्यूगो गोमिश या माणसाने पाडली जाणारी घरं गाठून गाठून, लोक टाकून देत होते त्या वस्तू गोळा केल्या. चार हजारांच्या वर आहेत. इमारतही जुन्या घरांच्या मोडीतून आलेल्या दारा-खिडक्यांची. स्वतःचं स्वतः हिंडायचं नाही, कुणीतरी बरोबर फिरून दाखवतं, आणि तेच बरं.

इथे माझी पंचाईत झाली. इतर जागी मी पाहुणी होते. इथे दर दोन पावलांवर घरचं काहीतरी. नारळ खोवायची आदोळी. आम्ही विळी म्हणतो. शिरवाळ्यांचा साचा. नांगर, मडकी, उसाचा रस काढायचा प्रचंड घाणा (हा घरी नव्हता). आणि मग एका रांगेत धान्याची मापं. पायली, कुडव, आणखी लहान लहान.

चार शेरांची पायली. मावशीकडे होती. लाकडी, वर लोखंडी पट्टी, तोंडाची कड एका बाजूला झिजून उतरलेली, कारण भरल्यावर हाताने सपाट करायची तर हात नेहमी त्याच बाजूने जायचा. लहानपणी मी ती डोक्यावर उलटी घालून पोलीस व्हायचे. आतून तांदळाच्या कोंड्याचा वास, आणि स्वतःचाच आवाज घुमून मोठा यायचा.

दाखवणारी मुलगी पुढे गेली, घोळका तिच्या मागे. मी तिथेच. हात लावायचा नसतो म्हणून पाठीमागे बांधून उभी राहिले. वाकून वास घेण्याइतकं धैर्यही झालं नाही, लोक काय म्हणतील.

संध्याकाळी फोनवर मावशीला सांगितलं, इथे पायली ठेवली आहे, पाटी लावून. ती हसायलाच लागली. "ह्या बघूक लोका पैशे देतत?" मग विचारलं, आपली कुठे आहे? माळ्यावर?

"ती तूच नाय गो दिलंस भंगारवाल्याक? घर शाकारलंव तेव्हा."

खरंच की. आठ वर्षं झाली. नळे काढून पत्रे घातले त्या उन्हाळ्यात मी सुट्टी काढून आवराआवरीला आले होते, आणि फार उत्साहाने आले होते. मावशी प्रत्येक वस्तू हातात घेऊन बसायची आणि मी म्हणायची, "मावशी, वापरतेस का हे? नाही ना? मग दे." लोखंडी पट्टीमुळे पायलीचे थोडे पैसेही आले. त्याचं मी तिला आइस्क्रीम आणलं होतं. तिला फ्लेवरसुद्धा आठवत होता. पिस्ता.

रविवार, कुडाळ

रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर चटई टाकली आणि संच उघडला. मावशी, दादा आणि मी, बरोब्बर तिघं. मावशीने आधी हात धुऊन पुसले, मग पान घेतलं. देवाचं चित्र आहे म्हणून. जेवणानंतर आम्ही दोघांनी नुसता नळाखाली हात धरला होता, त्यामुळे आम्हालाही परत उठवलं.

चाळीस पानं कुणालाच धरता येईनात. गोल पानं एकमेकांवरून घसरत होती. मावशीने शेवटी परातीत पोहे निवडायला पसरतात तशी ती पदरावर पसरली, रंगारंगाने. दादा म्हणाला, "आई, सगळ्यांना दिसतायत तुझी पानं." ती म्हणाली, "बघूचा नाय."

कृष्णाचा राजा तिच्याकडेच निघाला. "रातचो कृष्ण मोठो, ह्या बरा केल्यानी," म्हणत तिने पहिली उतारी केली. दोन डाव सुरळीत गेले. तिसऱ्याला मी माशांची दश्शी टाकली, दादाने एक मासा टाकला आणि हात पुढे करून डाव ओढायला लागला.

"थांब, दश्शी मोठी."

"याच्यात एक्का मोठा. उलट्यातला आहे हा."

वही आणली. पान उघडलं. माझ्याच अक्षरात: पाच रंगांत दश्शी मोठी, पाचांत एक्का. कुठले पाच ते लिहिलेलंच नाही. बहुतेक तेव्हा मी त्या पिवळ्या रेघेकडे बघत होते.

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही पानं उचलून दिव्याखाली धरली. एकावर दहा बारके मासे दाटीवाटीने, दुसऱ्यावर मधोमध एकच. बराच वेळ बघून तिने एकटा मासा दादाच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो मोठो," ती म्हणाली. "खाऊन खाऊन एकच उरलो तो."